ताप उतरला तरी दोन दिवस भावाला एकटं सोडू नका: डेंग्यू, प्लेटलेट आणि पपईच्या पानांबद्दल

घणसोलीच्या एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. धाकटा भाऊ, वय २८, महापे एमआयडीसीत कामाला. चार दिवस सणसणून ताप होता, एनएस१ (डेंग्यूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला, काल प्लेटलेट ७४ हजार. आज सकाळपासून ताप नाहीये त्यामुळे आई म्हणते सुटलो एकदाचे, उद्या कामावर जाऊ दे. सोसायटीतले सांगतायत पपईच्या पानांचा रस द्या, शेजारचे काका म्हणतात एक लाखाच्या खाली आल्या म्हणजे अ‍ॅडमिट करून प्लेटलेट चढवायलाच पाहिजेत. शिवाय ताप यायच्या आठवडाभर आधी तो तुर्भ्याला गुडघाभर पाण्यातून चालत आला होता, त्याचा काही संबंध असेल का? आणि सोसायटीत फॉगिंग कधी करून घ्यायचं?

ताई, बाकीचं सावकाश वाचा, आधी हे. डेंग्यूत खरा जपायचा काळ ताप उतरल्यावर सुरू होतो. ताप असतो तेव्हा पेशंट कण्हत असतो, घरातले सगळे आजूबाजूला असतात, आणि नेमका तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये ताप खाली आला की सगळे निवांत होतात, पण पुढचे २४ ते ४८ तासच असे असतात की त्यात काही बिघडलं तर झपाट्याने बिघडतं. तुमचा भाऊ आज बरोबर तिथेच आहे. त्यामुळे उद्या कामावर अजिबात नाही, आणि आजच डॉक्टरांना दाखवून सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी, प्लेटलेटचा आकडा त्यातच असतो) परत करून घ्या, बीपी बघून घ्या.

आत्ता हे वाचताना त्याला यातलं काही होत असेल तर इथेच थांबा आणि सरळ हॉस्पिटल गाठा: पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीयेत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, शी काळी होतेय, उठून उभं राहिलं की चक्कर येऊन पडायला होतंय, हातपाय गार आणि घामट लागतायत, सहा-सहा तास लघवीच नाही, किंवा माणूस एकदम सुस्त झालाय नाहीतर उगाच चिडचिड, तळमळ करतोय. हे शेवटचं घरच्यांच्याच लक्षात येतं, "हा आज वेगळाच वागतोय" असं आईला वाटलं तर ते हसण्यावारी नेऊ नका. वाशी, ऐरोली, नेरूळला महापालिकेची हॉस्पिटलं आहेत, ठाण्याच्या बाजूला असाल तर कळव्याचं आहे, रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघत बसायचं नाही.

आता प्लेटलेट. मी आधी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात होते, नंतर माझी स्वतःची प्रॅक्टिस, आणि दर पावसाळ्यात घाबरलेले नातेवाईक हातात रिपोर्ट घेऊन येतात, सगळ्यांचं बोट एकाच आकड्यावर. त्याच कागदावर दोन ओळी वर जो आकडा असतो, पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट म्हणून लिहिलेला, तो कोणी बघत नाही. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट कमी झाल्यामुळे नाही, रक्तवाहिन्या गळायला लागल्यामुळे. माठ पाझरतो ना तसं रक्तातलं पाणी वाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर झिरपतं, पोटात साठतं, छातीत साठतं, आणि वाहिन्यांच्या आत उरलेलं रक्त घट्ट होत जातं. मग बीपी पडतं, किडनीला, लिव्हरला रक्त पुरत नाही, यालाच शॉक म्हणतात. हे रक्त घट्ट होणं पीसीव्हीमध्ये दिसतं. समजा तापाच्या दुसऱ्या दिवशी पीसीव्ही ४० होता आणि आज ४८ झाला, तर ती २० टक्के वाढ झाली, आणि त्याच वेळी प्लेटलेट उतरत असतील तर हा पेशंट घरी ठेवायचा नाही, मग प्लेटलेट ९० हजार का असेनात. ९० हजारवाले शॉकमध्ये जाताना मी पाहिलेत आणि १८ हजारवाले कॉटवर बसून पोहे खाताना पण पाहिलेत. म्हणून तुम्हाला सांगते, भावाचे आतापर्यंतचे सगळे सीबीसी तारखेप्रमाणे एकाखाली एक ठेवा आणि डॉक्टरांना पीसीव्ही दाखवून विचारा, "हा वाढतोय का?"

प्लेटलेट चढवायचं म्हणाल तर, रक्तस्राव होत नसेल तर आपल्याकडच्या गाइडलाइनप्रमाणे १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय नुसत्या आकड्यावरून चढवायची गरज नसते. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी, तो निर्णय डॉक्टर घेतील. ७४ हजारला चढवण्याचा प्रश्नच येत नाही. चढवलेल्या प्लेटलेट फार टिकत पण नाहीत, आजार चालू असतो तोवर त्या पण नष्ट होतात, आणि बाहेरून रक्तातला घटक देतोय म्हटल्यावर रिअ‍ॅक्शनचा धोका असतोच. काकांना वाईट वाटायला नको, त्यांची काळजी खरी आहे, पण ठाणे-नवी मुंबईत दर सप्टेंबरला लोक डोनर शोधत, पैसे उसने घेत रात्ररात्र फिरतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्या पिशवीची गरजच नसते, हे बघून मला खरंच त्रास होतो. सातव्या-आठव्या दिवसानंतर प्लेटलेट आपणहून वर यायला लागतात. आणि अजून एक, मशीनवरचा काउंट कधीकधी चुकतो, प्लेटलेटचे गुच्छ झाले की मशीन ते मोजत नाही, म्हणून आकडा अचानक फारच खाली दिसला तर लॅबला स्लाइडवर बघायला सांगा.

अ‍ॅडमिट कधी करायचं याचं उत्तर मग असं की वर सांगितलेली लक्षणं, पीसीव्ही वाढणं, तोंडाने पाणी न जाणं, बीपी. घरी बीपीचं मशीन असेल तर नुसता वरचा आकडा बघू नका. १००/८५ बघून घरच्यांना वाटतं वरचा शंभर आहे म्हणजे ठीक, पण दोन आकड्यांमधला फरक २० किंवा त्याहून कमी झाला की ती शॉकची सुरुवात असते. माझ्याकडे असा पेशंट आला की मी त्याच्या बोटाचं नख दाबून सोडते, पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं, त्याहून जास्त वेळ लागला आणि तळहात गार असेल तर मी त्याला खुर्चीवरून थेट रिक्षात बसवते. हे तुम्ही घरी पण करून बघू शकता, आधी स्वतःच्या नखावर करा म्हणजे फरक कळेल. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारं माणूस, डायबेटिसवाले, किडनीवाले यांना डेंग्यू झाला तर मात्र लक्षणांची वाट न बघता लवकर अ‍ॅडमिट करणं बरं.

घरी असताना खरं औषध एकच, पाणी. नुसतं साधं पाणीच ढोसायचं असं नाही, मीठ-साखर पोटात जायला हवी: ओआरएस, मीठ घातलेलं लिंबू सरबत, ताक, पेज, वरणाचं पाणी, नारळपाणी. मोठ्या माणसाला दिवसभरात साधारण दोन-अडीच लिटर, घोट घोट करत. एकदम ग्लासभर दिलं की उलटून पडतं. किती पुरतंय याचं माप लघवीवर ठेवा, दर चार-सहा तासांनी होत असेल आणि रंग फिकट असेल तर ठीक चाललंय. हार्टचा किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच. ओआरएस घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला बघा, मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं, अर्धं पाकीट एका ग्लासात असलं काही नाही. दुकानात टेट्रापॅकमध्ये जी गोड पेयं मिळतात ती ओआरएस नव्हेत, त्यात साखर जास्त आणि मीठ कमी असतं, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) असल्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायलाच बंदी घातली. आणि बीट, डाळिंब असला लाल रस या चार दिवसांत टाळा, उलटी झाली तर रक्त आहे का रस आहे ते तुम्हाला पण कळत नाही आणि आम्हाला पण नाही.

गोळ्यांमध्ये फक्त पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ६५० ची एक, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही, लहान मुलांना वजनाप्रमाणे. अंगदुखी फार आहे म्हणून केमिस्टकडून आणलेली गोळी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, अ‍ॅस्पिरिन यातलं काहीही असेल तर नको, यांनी पोटातून रक्तस्राव व्हायची भीती वाढते. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतं हे खूप जणांना माहीतच नसतं. ज्यांना हार्टसाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू आहे त्यांनी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, पण डेंग्यू निघाला हे आपल्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. अँटिबायोटिकचा डेंग्यूवर उपयोग नाही, तो व्हायरस आहे. आणि तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विडाल टेस्ट करून "टायफॉइड पण आहे" असं लिहून आणलेले रिपोर्ट, त्यावर भरवसा ठेवू नका. आपल्याकडे विडाल कितीतरी जणांची आधीच्या इन्फेक्शनमुळे थोडीफार पॉझिटिव्ह येते, टायफॉइडचा संशय असेल तर ब्लड कल्चर ही खरी तपासणी.

पपईची पानं. हा प्रश्न उडवून लावायचा नाहीये कारण लोक ते मनापासून करतात. पपईच्या पानांच्या अर्काने प्लेटलेट थोड्या लवकर वाढतात असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण शॉक टळतो किंवा मृत्यू कमी होतात असं कुठे सिद्ध झालेलं नाही, आणि आपली भीती तर शॉकची आहे. त्यात तो रस इतका कडू की आधीच मळमळणाऱ्या माणसाला उलटी होते, आणि एका उलटीत तासाभरात कष्टाने पाजलेलं सगळं बाहेर. माझ्याकडे एका मुलाला आणलं होतं, आजी दर दोन तासांनी वाटीभर रस देत होती आणि तो दुसरं काही घ्यायलाच तयार नव्हता, जीभ कोरडी पडली होती त्याची. तुमच्या भावाला तो रस सोसत असेल, पाणी नीट जात असेल तर दोन चमच्यांवर मी भांडण करणार नाही, पण त्याच्या जिवावर सीबीसी आणि डॉक्टर टाळायचे नाहीत. बकरीचं दूध कच्चं तर मुळीच देऊ नका, त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात. किवी महाग फळ आहे, आवडत असेल तर खा, औषध म्हणून नको.

तुर्भ्याच्या पाण्याबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत, कारण हे बहुतेक जण डॉक्टरांना सांगतच नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यानंतरच्या दिवसांत या सगळ्या पट्ट्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) पेशंटची रीघ लागली होती. उंदरांच्या, कुत्र्यांच्या, गुरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाला बारीक खरचटलं असेल तरी तिथून शरीरात शिरतात. पाण्यातून चालल्यापासून ताप यायला २ ते ३० दिवस लागू शकतात, बहुतेकांना ५ ते १४ दिवसांत येतो, म्हणजे तुमच्या भावाची वेळ त्यात बसते. एनएस१ पॉझिटिव्ह आहे म्हणून लेप्टो नाही असं म्हणता येत नाही, दोन्ही एकत्र असू शकतात, आणि लेप्टोमध्ये पण प्लेटलेट पडतात. पोटऱ्या दाबल्या की जीव जातो इतक्या दुखतायत का, डोळे लाल झालेत का, पिवळे दिसतायत का, लघवी कमी झालीय का ते बघा आणि पाण्यातून चालल्याचं तारखेसकट डॉक्टरांना सांगा. लेप्टोला अँटिबायोटिक आहे, लवकर सुरू केलं तर माणूस वाचतो, त्यामुळे संशय असेल तर डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत. इतरांसाठी: असं पाण्यातून चालणं झालं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम एकदा घेतात, जेवून, भरपूर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ही गोळी नसते, त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरं औषध देतात. एकदा ताप आला की मात्र हा एक डोस पुरत नाही, मग पूर्ण उपचार.

मलेरियाची स्लाइड पण झाली नसेल तर करून घ्या, पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात फुकट होते. आपल्याकडे जिथे तिथे बांधकामं चालू आहेत, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलेलं असतं, मलेरियाच्या डासाला तसलं पाणी चालतं. व्हायवॅक्स (मलेरियाचा एक प्रकार) निघाला तर जी १४ दिवसांची प्रायमाक्विनची गोळी देतात ती ताप गेला म्हणून पाचव्या दिवशी सोडू नका, परजीवी लिव्हरमध्ये दडून बसतो आणि महिन्यांनी परत ताप येतो. ती सुरू करायच्या आधी जी६पीडी (रक्तपेशींतलं एक एन्झाइम, ते कमी असेल तर ही गोळी बाधते) तपासून घेतलेलं बरं.

फॉगिंगने सोसायटीत समाधान वाटतं हे मला माहितीय. धुराची गाडी आली, वास आला, काहीतरी झालं. पण धुरात फक्त त्या क्षणी हवेत उडणारा डास मरतो. डेंग्यूचा एडिस डास घरात असतो, पलंगाखाली, पडद्यामागे, कपड्यांच्या कपाटात, आणि धूर आला की आपण पहिलं काय करतो तर खिडक्या लावतो. अळ्यांना धुराने काहीच होत नाही, त्या चार-पाच दिवसांत डास होऊन बाहेर पडतात. एखाद्या घरात पेशंट सापडला की पालिकेचे लोक त्या घरात आणि आसपासच्या घरांत आतून फवारणी करतात तेव्हा दार उघडा, तिचा उपयोग आहे. बाकी एडिस फार लांब उडत नाही, बहुतेकदा शे-दोनशे मीटरच्या आत फिरतो, त्यामुळे तुमच्या भावाला चावलेला डास तुमच्या विंगमध्ये, शेजारच्या विंगमध्ये किंवा त्याच्या कंपनीतच जन्मलेला असण्याची शक्यता जास्त. नाल्याच्या घाण पाण्यात तो सहसा होत नाही, त्याला आपल्या घरातलं स्वच्छ पाणी लागतं.

आशाताई नाहीतर पालिकेचे कर्मचारी टॉर्च घेऊन आले की लोक दारातूनच सांगतात आमच्याकडे काही नाही. मी केंद्रात असताना त्यांच्याबरोबर घरोघर फिरायचे आणि सगळ्यात जास्त अळ्या कुठे मिळायच्या माहितीय? फ्रिजच्या मागे खाली जो ट्रे असतो त्यात. फ्रिज पुढे ओढून टॉर्च मारला की एकदम वळवळ करत तळाला जातात आणि जरा वेळाने श्वास घ्यायला परत वर येतात, त्या अळ्या बघितल्यावर त्या घरातल्या बाईला आम्हाला काही समजावून सांगावं लागायचं नाही. त्यानंतर मनीप्लांटच्या बाटल्या, कुंड्यांखालच्या थाळ्या, एसीचं पाणी पडणारी बादली, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं, आणि पावसाळी शेडवर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या. गच्चीच्या टाकीचं झाकण नीट बसतं का आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का, हे सोसायटीच्या कमिटीने स्वतः वर चढून बघायला हवं, वॉचमनला विचारून कळत नाही.

आठवड्यातून एक दिवस हे सगळं रिकामं करायचं, रविवार ठरवा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवडा. आणि नुसतं पाणी ओतून देऊ नका, आतून ब्रशने घासा, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, परत पाणी आलं की फुटतात.

आता घरच्यांसाठी. ताप असताना, म्हणजे पहिले पाच-सहा दिवस, पेशंटला चावलेला डास पुढे दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकतो. म्हणून भावाला अजून दोन दिवस दिवसाढवळ्या पण मच्छरदाणीत झोपवा, हा डास दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळ व्हायच्या आधी जास्त. तुम्हाला, आईला किंवा मुलांना पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर पहिल्या दिवसापासून डेंग्यू धरून चाला, पॅरासिटामॉल आणि पाणी, आणि लगेच एनएस१, कारण ती तपासणी पहिल्या पाच दिवसांतच नीट सापडते, त्यानंतर आयजीएम करावी लागते. यापूर्वी कोणाला डेंग्यू होऊन गेला असेल तर त्याच्याकडे जास्त लक्ष. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही, उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर तो गंभीर व्हायची शक्यता वाढते.

भावाचं पुढे असं होईल: हे दोन दिवस नीट गेले की भूक लागायला लागेल, लघवी मोकळी होईल, हातापायांवर लालसर पुरळ येऊन खूप खाज सुटेल, ते बरं होण्याचं लक्षण आहे, घाबरू नका. सलाइन चालू असेल तर या टप्प्यावर ती बंद करायची असते, बाहेर झिरपलेलं पाणी आता परत रक्तात येतं आणि वरून अजून दिलं तर फुफ्फुसात साठून दम लागतो, म्हणून सलाइन चालूच ठेवा असा आग्रह डॉक्टरांना करू नका. अशक्तपणा दोन-तीन आठवडे राहतो. महाप्याला त्याच्या सुपरवायझरशी आजच बोलून ठेवा, डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घ्या, आणि आज संध्याकाळचा सीबीसी आला की पीसीव्ही किती आला, लघवी किती वेळा झाली आणि पोट दुखतंय का, एवढं मला कळवा, मी रात्री बघते.